हवा शिल्लक, पण वेळ संपलेली

रविवार पुरवणीतील स्कूबा डायव्हिंगवरच्या लेखात, टाकीत हवा असेपर्यंत खाली निर्धास्त राहावे, असे म्हटले आहे. हा सल्ला धोक्याचा आहे. खरी मर्यादा शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनची असते. 'पाडी' (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यानुसार पहिल्या बुडीत १८ मीटरवर ५६ मिनिटे मिळतात, ३० मीटरवर जेमतेम २०. ही वेळमर्यादा ओलांडून थेट वर आल्यास वायूचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही ओढवू शकते. दुसऱ्या बुडीत तर आधीचा नायट्रोजन अंगात शिल्लक असतो, म्हणून मुभा आणखी घटते. हवेचा काटा यातले काहीच दाखवत नाही; खोली आणि वेळेवरून नायट्रोजनचा हिशेब ठेवणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दाखवतो. (भाड्याचा असला तरी दिवसभर तोच वापरावा, अदलाबदल नको; आधीच्या बुडीचा हिशेब त्यातच असतो.) लेखकाने पुढील भागात दुरुस्ती करावी.