जेम्स आणि जेकब ही दोन नावे नव्हेत

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपीय नावांवरचा लेख वाचला. विषय छान, पण एकट्या 'जेम्स'पाशी इतक्या चुका छापल्या गेल्या की राहवले नाही.

जेम्स अस्सल इंग्रजी आणि जेकब वेगळे ज्यू नाव, हे साफ चूक आहे. मूळ हिब्रू याकोव्ह. त्याचे ग्रीकमध्ये इयाकोबोस, लॅटिनमध्ये याकोबुस झाले. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये 'ब'चा 'म' होऊन याकोमुस हे रूप रुळले. जर्मन याकोब आणि पोलिश याकुब याकोबुसमधून आले. इटालियन जाकोमो, स्पॅनिश हाइमे आणि जुन्या फ्रेंचमधून आलेले इंग्रजी जेम्स याकोमुसमधून. मराठी बायबलात इसहाकाचा मुलगाही याकोब आणि येशूचा शिष्यही याकोबच. लेखात या नावाचा अर्थ 'शूर' दिलाय, तो कुठून आणला? जुळ्या भावाची टाच धरून जन्मला म्हणून याकोब, ही उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा. 'देव रक्षण करो' हा मूळ अर्थ असावा, असे बरेच अभ्यासक मानतात.

सर्वांत खटकले ते 'जॅकोबाइट म्हणजे जेकब नावाच्या सरदाराचे अनुयायी' हे वाक्य. असा कोणी सरदार नव्हता. 1688 मध्ये इंग्लंडची गादी गमावलेला राजा दुसरा जेम्स, त्याच्या घराण्याचे हे पाठीराखे. राजाचे नाव लॅटिनमध्ये याकोबुस लिहीत, नाण्यांवरही तेच असे, त्यावरून जॅकोबाइट. 1715 आणि 1745 ला त्यांनी उठाव केले, 1746 मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत ते पार मोडले. केरळातल्या जॅकोबाइट ख्रिश्चनांशी यांचा काही संबंध नाही. ते नाव सहाव्या शतकातल्या याकोब बाराडेयस या बिशपवरून पडले. लेखकाने दोघांची सरमिसळ केली आहे.

सॅंटियागोबद्दल एकच ओळ दिलीत, तिथे सांगण्यासारखे खूप होते. 'सांत' म्हणजे संत आणि 'यागो' हे याकोबचेच जुने स्पॅनिश रूप, दोन्ही जुळून सांतियागो झाले. लोकांनी ते 'सान तियागो' असे तोडले आणि पोर्तुगीजांना तियागो हे नवेच नाव मिळाले. स्कॉटलंडमधले हेमिशही तसेच, जेम्सचे गेलिक रूप शेमस, त्याला हाक मारताना होणाऱ्या रूपातून आलेले. जॅक मात्र या कुळातला नाही, तो जॉनचा लघुरूप आहे.

आणखी एक. आपल्या क्रीडापानावर स्पॅनिश खेळाडूंचा 'हुआन' रोज 'जुआन' छापला जातो. उपसंपादकांना उच्चारांची एक यादी करून द्यावी आणि जॅकोबाइटची दुरुस्ती याच पुरवणीत छापावी, ही विनंती.

— एक वाचक, सातारा