‘इटर’ कायद्याबाहेर नाही

माननीय संपादक,

फ्रान्समधील ‘इटर’ या अणुसंलयन प्रकल्पाला कायदाच लागू नाही, हा समज चुकीचा आहे. भारतासह सात सदस्यांनी २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये मूळ करार केला. प्रकल्प चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला आणि तिच्या कर्मचाऱ्यांना स्थानिक कारवाई व करांपासून संरक्षण देणारा विशेषाधिकारांचा करार वेगळा. अमेरिका त्यात नाही.

संस्थेची जागा आणि कागदपत्रे यांना संरक्षण आहे, कामाच्या मालावर सीमाशुल्क नाही. ते योग्यच. गुजरातमधील हजिऱ्याहून गेलेल्या क्रायोस्टॅटच्या (अणुभट्टीभोवतीच्या महाकाय पोलादी कवचाच्या) भागांवर शुल्क लागले असते, तर सदस्यांचा पैसा यजमानांच्या तिजोरीत गेला असता! कर्मचाऱ्याला मात्र संरक्षण कामापुरतेच. त्याच्या मोटारीने कुणाला धडक दिली, तर हे संरक्षण लागू होत नाही. शिवाय न्यायाच्या आड येणारे संरक्षण काढून घेता येते.

मुख्य म्हणजे मूळ कराराच्या कलम १४ नुसार अणुसुरक्षा, किरणोत्सर्ग आणि पर्यावरणाबाबत फ्रेंच कायदेच लागू आहेत. जानेवारी २०२२ मध्ये फ्रेंच अणुसुरक्षा नियामकाने निर्वात पात्राच्या (ज्यात संलयन घडते त्या पोकळ पात्राच्या) जोडणीचा पुढचा टप्पा रोखला, तो याच बळावर.

खरी अडचण पुरवठादाराची. संस्थेला संरक्षण असल्याने थकबाकीसाठी तिच्याविरुद्ध न्यायालयात दावा टिकणे अवघड. थेट संस्थेशी करार करणाऱ्या आपल्या उद्योजकांनी लवादाचे (न्यायालयाबाहेर पंचाकडून वाद सोडवण्याचे) कलम सहीआधी वाचावे: लवाद कुठे, भाषा कोणती, खर्च कुणाचा.

– एक वाचक, पुणे