१९८४ची सिंगल सांगून १९८५ची पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या रेकॉर्ड्सचा ऑनलाइन विक्री विभाग

विषय : वर्णनाशी न जुळणाऱ्या दोन सात इंची सिंगल्स परत घेऊन पूर्ण रक्कम देण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडून दोन जुन्या सात इंची सिंगल्स, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या रेकॉर्ड, मागवल्या. एक आ-हा या नॉर्वेच्या बँडची 'टेक ऑन मी' आणि दुसरी केट बुश या ब्रिटिश गायिकेची 'रनिंग अप दॅट हिल'. दोन्ही ब्रिटिश प्रेसिंग, म्हणजे ब्रिटनसाठी काढलेल्या प्रती. पैसे आगाऊ भरले, पावती सोबत जोडली आहे.

पहिल्या रेकॉर्डखाली तुम्ही लिहिले होते, "मूळ १९८४ची आवृत्ती, निअर मिंट". हातात पडली ती १९८५ची. तुमच्या चॅटवर हे कळवले तेव्हा उत्तर आले, "मॅडम, गाणं तेच आहे, बँड तोच आहे. शिवाय माल सेकंडहँड आहे, परत घेतला जात नाही." पार्सल भरताना अदलाबदल झाली असती तर एका फोनवर विषय मिटला असता. पण हे उत्तर वाचल्यावर लेखी तक्रार करणे मला भाग पडले, कारण त्यातली दोन्ही वाक्ये चुकीची आहेत.

गाणे तेच नाही. १९८४मध्ये आ-हाने 'टेक ऑन मी' टोनी मॅन्सफील्ड या निर्मात्याबरोबर केले. ब्रिटनमध्ये ते पडले, कुणी फारसे विकत घेतले नाही. मग ॲलन टार्नीबरोबर तेच गाणे नव्याने रेकॉर्ड झाले. वाद्यांचा बाज बदलला, सगळे गाणे पुन्हा उभे राहिले. स्टीव्ह बॅरनने दिग्दर्शित केलेला तो पेन्सिलीच्या चित्रांचा व्हिडिओ या दुसऱ्या रेकॉर्डिंगचा आहे. १९८५मध्ये ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. आज रेडिओवर लागते ते हेच. साहजिकच १९८५ची सिंगल ब्रिटनमध्ये ढिगाने खपली आणि तिथल्या चॅरिटी शॉपच्या, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांच्या, खोक्यांत ती अजून किरकोळ किमतीला सापडते. १९८४ची मुळातच कमी विकली गेली, म्हणून ती शोधावी लागते आणि महाग पडते. तुम्ही किंमत घेतली ती दुर्मीळ रेकॉर्डची. पाठवलीत ती चॅरिटी शॉपमधली.

हा फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. १९८४च्या सिंगलचा क्रमांक डब्ल्यू ९१४६, दुसऱ्या बाजूला 'अँड यू टेल मी'. १९८५च्या सिंगलचा क्रमांक डब्ल्यू ९००६, दुसऱ्या बाजूला 'लव्ह इज रीझन'. निर्मात्याचे नावही वेगळे. तुमच्या माणसाने रेकॉर्ड कव्हरमधून काढून उलटी केली असती तरी कळले असते. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत, ज्याला आम्ही रन-आउट म्हणतो, तिथे कोरलेले आकडेही असतात. ते तर कव्हर बदलले तरी बदलत नाहीत. या सर्वांची छायाचित्रे मी जोडली आहेत.

मला हे इतके लांबवून सांगावे लागते आहे, कारण ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश सिंगल्स गोळा करणाऱ्या माणसाला नेमके हेच हवे असते. त्या काळात एकेका गाण्याची अनेक रूपे बाजारात येत. फ्रँकी गोज टू हॉलीवूड या ब्रिटिश बँडचे 'टू ट्राइब्ज' १९८४मध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि त्या दरम्यान कंपनी त्याचे नवनवे मिक्स, म्हणजे त्याच गाण्याची नव्याने जुळवलेली रूपे, काढत राहिली. एलपीवरचे, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डवरचे, गाणे आणि सिंगलवरचे गाणे यांत अनेकदा लांबीचा आणि मिश्रणाचा फरक असतो. आणि बी साइडला, म्हणजे मागच्या बाजूला, तर असे काही सापडते, जे दुसरीकडे कुठेच नव्हते. केट बुशचे 'अंडर द आयव्ही' १९८५मध्ये 'रनिंग अप दॅट हिल'च्या मागच्या बाजूला आले, मूळ एलपीवर ते नव्हते. मी ती रेकॉर्ड मागवली ती या मागच्या बाजूसाठी. पुढच्या बाजूचे गाणे २०२२मध्ये एका वेब सिरीजमुळे पुन्हा गाजले, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि तेव्हापासून या सिंगलचे भाव चढले, हे मला ठाऊक आहे. चढा भाव द्यायला माझी ना नव्हती.

आता तीच दुसरी रेकॉर्ड. तुमच्या छायाचित्रात तिचे मधले छिद्र लहान, नेहमीचे दिसते. आली ती मधला भाग कापून काढलेली, म्हणजे कधीतरी ज्यूकबॉक्समध्ये, नाणे टाकून गाणे वाजवायच्या यंत्रात, लागलेली. अशा रेकॉर्ड विकायला हरकत नाही, बरेच जण त्या अ‍ॅडॅप्टर लावून वाजवतात, पण तसे लिहायला हवे. इथे तर कापही नीट मध्यावर नाही. रेकॉर्ड प्रत्येक फेऱ्यात किंचित बाजूला सरकते आणि सूर डोलतो. लांबवलेल्या स्वरांवर तो ऐकवत नाही. 'अंडर द आयव्ही' म्हणजे जवळजवळ नुसता पियानो आणि आवाज. त्या गाण्यात असे डोलणे कानाला किती टोचते, हे तुमच्याकडे कुणी ती एकदा वाजवून पाहिली असती तर समजले असते. ज्यूकबॉक्समध्ये दिवसभर वाजलेली रेकॉर्ड "निअर मिंट" कशी, याचेही उत्तर मला हवे आहे. या ग्रेडिंगच्या, म्हणजे रेकॉर्डची अवस्था सांगण्याच्या, भाषेला ठरलेले अर्थ आहेत. निअर मिंट म्हणजे जवळपास न वाजवलेली. ट्यूबलाइटखाली चकाकली म्हणून ती निअर मिंट होत नाही. छायाचित्र तुमच्याकडच्या प्रतीचे नव्हते, हे तर उघडच आहे.

दोन्ही कव्हरांवर तुम्ही तुमचा बारकोडचा स्टिकर चिकटवला आहे, तोही थेट छापील चित्रावर. याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. ही कव्हरे पातळ कागदाची, बिनलॅमिनेशनची. चाळीस वर्षे कुणीतरी, कुठल्यातरी इंग्लिश घरात, कपाटात नाहीतर माळ्यावर ती जपली. स्टिकर ओढला की खालची शाई त्याच्याबरोबर निघून येते, आणि तसाच ठेवला तर डिंक कागदात मुरतो. हे नुकसान रेकॉर्ड परत घेऊनही भरून येणारे नाही. प्लास्टिकचे बाहेरचे पाकीट फार महाग नसते. स्टिकर त्यावर लावावा, एवढी साधी गोष्ट आहे. भारतात अशा रेकॉर्ड आधीच फार थोड्या आहेत. त्या दशकात आपल्याकडे कॅसेट घरोघरी पोहोचली, ब्रिटिश पॉपची सात इंची सिंगल क्वचितच कुणाच्या हाती लागली. तुम्ही ती इतक्या लांबून आणता, हे चांगलेच काम आहे. म्हणून तर मी तुमच्याकडून घेत आले. पण जे आणता ते तुमच्याच गोदामात खराब होत असेल, तर मला ते बघवत नाही.

पॅकिंगबद्दल फक्त एवढेच की दोन्ही रेकॉर्ड एलपीच्या मोठ्या खोक्यात, मागेपुढे जाड पुठ्ठा न देता टाकल्या होत्या. आतल्या आत आपटून 'टेक ऑन मी'चे कव्हर वरच्या कडेला उसवले आहे. रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून मागे ठेवली असती तर ते झाले नसते.

आता "सेकंडहँड माल परत घेतला जात नाही" या वाक्याबद्दल. जुन्या रेकॉर्डवर ओरखडे असणारच, ते मान्य करूनच आम्ही घेतो. मात्र वर्णन तुम्ही दिले, त्यावर भरवसा ठेवून पैसे मी दिले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांशी वस्तू जुळत नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. चॅटवरचे उत्तर मी पोच धरत नाही.

दोन्ही रेकॉर्ड परत घेऊन मी भरलेली पूर्ण रक्कम, कुरिअरच्या खर्चासह, माझ्या खात्यावर जमा करावी. परतीचा खर्च तुमचा राहील. पर्यायी वस्तू किंवा तुमच्याकडच्या पुढच्या खरेदीचे कूपन मला नको. 'टेक ऑन मी'ची १९८४ची खरी प्रत तुमच्याकडे असेल, तर आधी दोन्ही लेबलांची आणि रन-आउटची छायाचित्रे पाठवा, मग ती घ्यायची की नाही ते मी कळवीन. तुमच्या पानावरचे ते वर्णन आजच काढून टाकावे, कारण तीच जाहिरात अजून तशीच दिसते आहे आणि दुसरा कुणी त्याच किमतीला फसेल. आणि कव्हरांवर स्टिकर लावणे थांबवल्याचे मला लेखी कळवावे.

ठरलेल्या मुदतीत निवारण झाले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

दोन्ही रेकॉर्ड आल्या तशा, स्टिकरसह, पुठ्ठ्यात बांधून तयार ठेवल्या आहेत. कुरिअरचा माणूस संध्याकाळी सहानंतर पाठवावा, त्याआधी घरी कुणी नसते.

आपली,
(सही)
पुणे

सोबत : पावतीची प्रत, तुमच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅटची प्रत, लेबले, रन-आउट, कापलेले मधले छिद्र आणि उसवलेले कव्हर यांची छायाचित्रे