निचरा संस्थेचं सभासदत्व फक्त उताऱ्यावरच्या नावाला नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाणथळ आणि क्षारपड जमिनींच्या सुधारणेविषयी आपल्या दैनिकात अलीकडे बरंच छापून येतं, त्याबद्दल आधी आभार. त्या लिखाणात जमिनीतलं जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सच्छिद्र नळ्या किती खोल पुरायच्या, दोन नळ्यांत अंतर किती ठेवायचं, पैसा कुठून आणायचा यावर भरपूर चर्चा असते. नळ्या पुरून झाल्यावर त्या वर्षानुवर्षं चालू कोण ठेवणार, हे मात्र शेवटी ‘लोकसहभागातून’ या एका शब्दात उरकलं जातं. मी उमेदीची सगळी वर्षं जमिनीच्या निचऱ्याच्या कामांत अभियंता म्हणून घालवली. त्या एका शब्दाविषयी मला लिहायचं आहे, कारण प्रकल्प तगतात किंवा मरतात ते तिथेच.

पाटाच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. आपल्या पाळीचं पाणी आलं नाही की ते त्याच रात्री कळतं आणि माणसं पाट तुडवत वर जाऊन जाब विचारतात. निचरा तुंबला तर पहिल्या हंगामात बहुधा काहीच जाणवत नाही. भूजल बोटाबोटानं वर येतं, मुळांभोवतीची हवा कोंडते. उन्हाळ्यात तेच पाणी जमिनीच्या बारीक छिद्रांतून वर ओढलं जातं आणि वाफ होऊन जाताना क्षार मागे सोडतं. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी सिंचनासाठी चांगलं मानतात. असं पाणी वर्षभरात एकूण १ मीटर खोलीइतकं दिलं, तर हेक्टरमागे ३ टन क्षार शेतात येतात. त्यांना बाहेर पडायला वाट नसेल तर ते जातील कुठे? जमिनीवर पांढरा थर दिसू लागेपर्यंत खाली बरंच बिघडलेलं असतं.

आणि दोष एकाच्या शेतात, तर नुकसान दुसऱ्याच्या, असं इथे नेहमी होतं. शेताशेतांतल्या उपनळ्यांचं पाणी एका मुख्य नळीत येतं. खालच्या शेतातली ही मुख्य नळी बुजली की वरच्या शेतांतलं पाणी अडतं. खालचा म्हणतो, माझं पीक तर ठीक आहे. त्यामुळे निचरा हे एकट्यादुकट्याचं काम कधीच होऊ शकत नाही. एका मुख्य नळीवर येणाऱ्या सगळ्यांनी एकमेकांच्या शेताकडे लक्ष ठेवलं तरच तो चालतो.

इजिप्तमध्ये हे फार ठळकपणे दिसलं. तिथे १९७३ साली निचरा प्रकल्पांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं आणि पुढे नाईलच्या खोऱ्यात आणि त्रिभुज प्रदेशात सुमारे २० लाख हेक्टरांखाली नळ्या गेल्या. जगातल्या मोठ्या कामांपैकी ते एक. पण भात घेणाऱ्याला पाणी शेतात उभं हवं असतं आणि शेजारच्या कापसाला, मक्याला ते मुळाशी साचलेलं सोसत नाही. भातवाल्यांनी मग काय केलं? मुख्य नळीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळी तपासायला ठेवलेल्या झाकणाच्या खड्ड्यात, पेंढा आणि चिखल कोंबून निचरा बंद केला. त्यांचं पाणी वाचलं, वरच्या शेजाऱ्यांची मुळं कुजली आणि आत गेलेला चिखल पुढच्या हंगामातही नळीतच राहिला. त्या शेतकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. आराखड्यानं त्यांच्या पिकाचा विचारच केला नव्हता. अभियंत्यांनी पुढे भाताच्या गटाची नळी वेगळी काढून तिला झडप बसवायची रचना केली. ती चांगली आहे. पण कोणत्या गटात कोण भात घेणार हे शेतकऱ्यांनी आपसांत ठरवलं नाही, तर झडप असूनही उपयोग नाही. तो करार आराखड्यात काढता येत नाही. तो घराघरांत व्हावा लागतो.

आपल्या देशात हरियाणातल्या गोहाना आणि कलायत इथे नेदरलँड्सच्या मदतीनं झालेल्या निचऱ्याच्या कामांतून असाच धडा मिळतो. तिथली जमीन इतकी सपाट आहे की नळ्यांतलं पाणी उतारानं बाहेर जात नाही. ते एका विहिरीत गोळा करून पंपानं उचलून नाल्यात सोडावं लागतं. पंप चालवायची जबाबदारी शेतकऱ्यांच्या निचरा संस्थांकडे देण्यात आली. पंप आला की इंधन आलं, वर्गणी आली, पाळी आली, आणि पाळी चुकवणाराही आला. पहिली काही वर्षं क्षार धुतले जातात, पीक सुधारतं, आणि नेमक्या त्याच वेळी पंप चालवायची निकड कुणाला वाटेनाशी होते. संस्था तगायला हवी ती त्या वळणावर. ती नळ्या पुरून झाल्यावर घाईघाईनं सह्या घेऊन उभी केलेली असेल तर तगत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. निचऱ्याचं व्यवस्थापन म्हणजे बव्हंशी लक्ष ठेवणं. कुठे पाणी मुरत नाही, कुठे उगवण विरळ झाली, कुठे लव्हाळा माजला, कोणत्या चेंबरचं झाकण फुटलं, नळीच्या तोंडाशी गाळ किती आला, हे रोज पाहणारं माणूस हवं. खुरपणी, लावणी, चारा कापणं या कामांत वाकून, जमिनीपासून हातभर अंतरावर दिवस काढणारं माणूस बहुतेक ठिकाणी बाईच असते. पुरुष रोजगारासाठी बाहेर गेलेले असतात तिथे तर सगळं शेत तीच बघते.

एका कामावर नळीत अडथळा होता आणि तो नेमका कुठे आहे ते सापडत नव्हतं. आम्ही नकाशा पसरून एकामागून एक चेंबर उघडत होतो. शेजारच्या वाफ्यात खुरपणाऱ्या एका सुनेनं सांगितलं, “त्या बांधापासून या झाडापर्यंत खुरप्याला माती चिकटते, पुढं नाही चिकटत. पाऊस होऊन किती दिवस झाले तरी तेवढ्याच पट्ट्याला वाफसा येत नाही.” तिनं दाखवलेल्या टोकाला खणलं, तर सव्वा मीटरवर उपनळी आणि मुख्य नळी यांचा सांधा खचलेला, आत माती भरलेली. ती बाई निचरा संस्थेची सभासद नव्हती. होऊच शकत नव्हती, कारण जमीन सासऱ्यांच्या नावावर होती. संस्थेच्या बैठकीला सासरे येत. वय झाल्यामुळे त्यांनी कित्येक हंगामांत शेतात पाऊल टाकलेलं नव्हतं.

हा एका घराचा प्रश्न नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण वहितीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्के खाती स्त्रिया कसतात, अशी नोंद आहे. शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्यांत स्त्रिया किती, हे कुठल्याही शिवारात चक्कर मारली तरी दिसतं. सभासदत्व उताऱ्यावरच्या नावाला जोडलं की शेताची सर्वांत जास्त माहिती असलेलं माणूस पहिल्याच दिवशी बाहेर पडतं. तिच्याबरोबर कूळ बाहेर पडतं, वाटेकरी बाहेर पडतो, भूमिहीन मजूर तर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. मग समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखल्या जातात आणि मोजक्या खातेदार स्त्रियांतून, नाहीतर कुणाच्या तरी सहीपुरत्या बोलावलेल्या पत्नीतून, त्या भरल्या जातात. राखीव जागा हव्यातच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण समितीत निवडून जायला आधी सभासद व्हावं लागतं, आणि दार तिथेच बंद आहे.

आराखड्याच्या वेळी बायकांना न विचारल्यानं काय होतं, त्याचं साधं उदाहरण उघड्या चरांचं आहे. दोन मीटर खोल चर शिवाराच्या मधून जातो. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर मोरी बांधली जाते, कारण त्या वाटा नकाशावर असतात. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बाई ज्या पायवाटेनं येते ती नकाशावर नसते. तिला मोरीपर्यंत लांबचा वळसा पडतो. काही दिवसांत कुणीतरी दगडमाती टाकून चरात पायठेवण करतं, पावसात त्याला पाचोळा अडतो, मागे पाणी तुंबतं, आणि अहवालात ‘लोकांनी चराची नासधूस केली’ अशी नोंद होते. चार फळ्यांचा साकव आधी ठेवला असता तर ही नोंद करावीच लागली नसती. निकासाचं तोंड कुठे सोडायचं, हेही तसंच. ते पाणी खारं असतं, त्यात खतांचा अंश असतो. ते धुण्याच्या किंवा गुरांच्या पाणवठ्याच्या वर सोडायचं नाही, हे सांगायला तो पाणवठा रोज वापरणारी माणसं चर्चेत असावी लागतात.

गावकऱ्यांना निचऱ्यातलं तंत्र कळत नाही, असं माझ्या व्यवसायातली पुष्कळ मंडळी आजही म्हणतात. त्यांनी बांगलादेशच्या नैर्ऋत्य भागाकडे पाहावं. १९६० च्या दशकात तिथल्या किनारी पट्ट्यात बांध घालून शेतं भरतीच्या पाण्यापासून बंद केली गेली. भरतीबरोबर येणारा गाळ शेतांत पसरायचा थांबला आणि नदीच्या पात्रात साचू लागला. पात्रं उथळ झाली, आतलं पाणी बाहेर पडेना, मोठमोठे सखल भाग, ज्यांना तिथे बील म्हणतात, वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिले. १९९० मध्ये बील डाकातिया इथे आणि १९९७ मध्ये बील भायना इथे लोकांनी बांध कापून भरतीचं पाणी आत घेतलं. गाळ बीलात बसला, जमीन उंचावली, येत्या-जात्या पाण्यानं नदीचं पात्र खोल झालं. खुलना-जशोर भागातल्या निचरा प्रकल्पाला पुढे ही पद्धत स्वीकारावी लागली. ती त्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाहण्यातून आली होती. अर्थात बीलात पाणी घेतल्यावर ती जमीन काही वर्षं पिकाखाली येत नाही, आणि तिथे भरपाईवरून पुढे मोठे तंटे झाले. लोकांचं ज्ञान घ्यायचं आणि नुकसान त्यांच्यावरच सोडायचं, हे चालत नाही.

उलट बाजूचं उदाहरण सिंधमधलं. सिंधूच्या डाव्या तीरावरचं खारं पाणी समुद्राला नेणाऱ्या मोठ्या चराचा समुद्राजवळचा भाग १९९९ च्या चक्रीवादळात बराच मोडला, आणि २००३ च्या पावसात बदीन भागातली शेतं आणि वस्त्या बुडाल्या. तिथल्या लोकांनी २००४ मध्ये, या कामाला पैसा पुरवणाऱ्या जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. चराच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना आधी विचारायला हवं होतं, ते त्यांनी नंतर तक्रारीतून सांगितलं.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. निचरा संस्थेचं सभासदत्व प्रत्येक कसणाऱ्या कुटुंबातल्या दोघांना द्यावं, एक स्त्री आणि एक पुरुष, दोघांना स्वतंत्र मत. कुळांना आणि वाटेकऱ्यांना कसतात त्या जमिनीपुरतं सभासद करावं. संस्था सर्वेक्षणाच्या आधी स्थापन व्हावी आणि नळ्यांची, चरांची, निकासाची रेघ तिच्यासमोर, शेतात उभं राहून आखली जावी. गणसंख्येत स्त्रियांची हजेरी मोजल्याशिवाय वर्गणी, पाळी आणि दुरुस्ती यांवरचे ठराव वैध धरू नयेत. बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवावी. संध्याकाळी चूल पेटायच्या वेळेला बोलावून ‘त्या येत नाहीत’ म्हणणं अन्यायाचं आहे.

यावर एक आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. बाईच्या अंगावर आधीच इतकं काम, त्यात ही फुकटची देखरेख कशाला? बरोबर आहे. म्हणूनच ती फुकट नको. भूजलाची पातळी मोजायला शेतात भोकं पाडलेली नळी उभी पुरतात. टेपला वजन बांधून आत सोडायचं, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. क्षार मोजायचं छोटं उपकरणही एका दुपारी शिकता येतं. हे काम गावातल्या स्त्रियांना मानधनावर द्यावं, आणि ते मानधन प्रकल्पाच्या देखभाल खर्चात पहिल्या दिवसापासून धरलेलं असावं. नोंदींची वही कार्यालयात न नेता गावात ठेवावी आणि दर बैठकीत मोठ्यानं वाचावी. पातळी चढते आहे हे वहीत आधी दिसतं, पिकात फार उशिरा. अमक्या नळीवरचा आकडा सलग तीनदा वर गेला असं सगळ्यांच्या देखत वाचलं गेलं, की खालच्या शेतकऱ्याला ‘माझं पीक तर ठीक आहे’ म्हणून उठून जाता येत नाही.

निचऱ्याच्या ज्या योजना आज मंजुरीच्या वाटेवर असतील, त्यांच्या संस्थांच्या उपविधींत सभासदाची व्याख्या काय केली आहे, हे आपल्या वार्ताहरांनी कृपया विचारावं आणि उत्तर छापावं. नळ्या जमिनीत गेल्यावर उपविधी बदलणं फार अवघड होऊन बसतं.

आपली,
एक निवृत्त निचरा अभियंता