शेवटचे ‘नाही’ मागच्या बाकावर पोचत नाही

संपादक महोदय,

ग्रामसभेत गोंधळ झाला की खापर माईकवर फुटते. बहुतेक वेळा माईक ठीकच असतो. मराठीत (आणि कोकणीतही) क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकार त्याच्याही मागे. ‘ओहोळावरच्या साकवासाठी गेल्या वर्षी आलेला निधी अजून खर्च झालेला नाही’ हे सरपंच एका दमात बोलू लागले, की ‘खर्च’पर्यंत श्वास संपतो आणि ‘नाही’ घशातच राहते. मागच्या बाकावर पोचते ते एवढेच : निधी खर्च झाला. मग पुढचा अर्धा तास हमरीतुमरी!

वाक्य तोडावे. ‘साकवासाठी निधी आला आहे.’ थांबावे, श्वास घ्यावा. ‘तो अजून खर्च झालेला नाही.’ श्वास पोटात जातो की छातीत, हे पाहायला बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर तळहात ठेवावा. श्वास घेताना हात पुढे सरकला पाहिजे. खांदे उचलले गेले तर मानेचे स्नायू ताठतात आणि आवाज चिरका होतो. रोज पाच वेळा ‘स्स्स’ करत श्वास सावकाश सोडावा. आधी 10-12 सेकंद, मग जमेल तसे 20 पर्यंत. गरगरले तर लगेच थांबावे.

महिला पंचांना ‘आवाज जरा जाड काढा’ असे सुचवणारे बरेच भेटतात. हा सल्ला घातक आहे. बोलताना स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा कंप पावतात, पुरुषाचे 120 च्या आसपास. ओढूनताणून खाली आणलेला आवाज घरघरतो, दूर जात नाही आणि घसा बसवतो. त्यापेक्षा ओठ मिटून ‘म्म’ म्हणावे. ज्या स्वराला ओठ आणि नाकाची बाजू झिणझिणते, त्याच स्वरात पहिले वाक्य उचलावे. पुणेरी हेल आणायचीही गरज नाही, पेडण्याच्या माणसाने पेडण्याचाच ठेवावा.

उभे राहताना वजन दोन्ही पायांवर असावे. टेबलावर हात टेकून वाकले की पोट दबते आणि श्वास तोकडा पडतो. टिपणाची अक्षरे ठसठशीत, मजकूर पानाच्या वरच्या अर्ध्यातच. खाली वाचायला गेल्यास हनुवटी छातीला लागते, आवाज कागदात पडतो. क्रियापद तर वाचूच नये, मान वर करून समोरच्या एका चेहऱ्याकडे पाहून म्हणावे.

माईक तोंडापासून चार बोटे दूर, किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ धडधडत नाहीत. जाळी मुठीत झाकली की स्पीकर शिट्टी मारतो. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळू लागला, तर ओरडण्यापेक्षा सर जाईपर्यंत गप्प बसलेले बरे.

नव्या पंचांच्या प्रशिक्षणात यासाठी दोन तास तरी राखून ठेवावेत. तेही वातानुकूलित सभागृहात नकोत. पंचायतीच्याच हॉलमध्ये, पंखे चालू ठेवून, शेवटच्या बाकावर एकाला बसवावे आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याला विचारावे, ‘नाही’ ऐकू आले का?

— एक नाट्यप्रशिक्षक, फोंडा