पुन्हा दोनच गुणांनी

ह्यूस्टन
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल जोतिबाची चैत्र यात्रा झाली. ताईनं डोंगरावरचे व्हिडिओ पाठवले, गुलालात कोण कुठला ते ओळखू येईना. एवढी उंच सासनकाठी पडत कशी नाही, म्हणून तुमचा नातू दिवसभर डोकं खात होता. त्याला म्हटलं, हे आबांना विचार. आईनं गुडघ्याचं तेल लावायचं सोडू नये. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत.

मंगळवारी सकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी घेतला नाही. तुमच्या सुनेनं सांगितलं, “त्यांची मॅच गेली, आत्ता काही बोलायचे नाहीत.” त्यावर तुम्ही म्हणे नुसतं “बरं, राहू दे” म्हणून फोन ठेवलात. बाकी कुणी असतं तर खोदून खोदून विचारलं असतं. म्हणून तुम्हालाच सविस्तर लिहितो. फोनवर सांगायला गेलो तर निम्मं तुम्हाला ऐकू यायचं नाही, आणि निम्म्यात आई फोन ओढून घेणार.

मी जिथं एम. एस. केलं त्या ह्यूस्टन विद्यापीठाचा संघ या वर्षी इथल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गेला होता. आता कॉलेजच्या पोरांच्या सामन्याचं एवढं काय, असं आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोघातिघांनी लिहिलंच. त्यांना मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला तसं समजवावं लागणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींची फुटबॉलची मॅच असली की निम्मं कोल्हापूर उन्हात जाऊन बसतं, तेव्हा खेळणारी पोरं तरी कोण असतात? पेठेतलीच. इथं पेठ नाही, तालीम नाही, त्यामुळे माणसं कॉलेज धरून राहतात. शिकून तीस-चाळीस वर्षं झाली तरी मोटारीवर कॉलेजचा स्टिकर असतो. आमचं विद्यापीठ काही खानदानी नाही. दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्गात बसणाऱ्यांचं, अशी त्याची जुनी ओळख. मीही लायब्ररीत पुस्तकं लावूनच फी भरली होती.

यांची एक खूण आहे, ती तुम्हाला आवडेल. हाताचा पंजा दाखवायचा, पण अनामिका आत दुमडायची. १९५३ साली टेक्सस विद्यापीठाशी अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. आमच्या लोकांनी शास्ता नावाची कूगर, म्हणजे इकडची पहाडी वाघीण, पिंजऱ्यात घालून तिकडे नेली. वाटेत पिंजऱ्याच्या दारात तिचा पंजा सापडला आणि एक बोट तुटलं. समोरच्या पोरांनी बोट दुमडून चिडवायला सुरुवात केली. सामनाही गेला. पण आमच्या लोकांनी तीच दुमडलेल्या बोटाची खूण उचलली, ती आजतागायत. तुमचा नातू शाळेच्या फोटोतसुद्धा तसाच हात करून उभा आहे. आई विचारत होती ना, पोराच्या बोटाला काय लागलंय? काही लागलेलं नाही.

या स्पर्धेत ६८ संघ असतात, मार्चच्या मध्यापासून सुरू होते, आणि एक सामना हरला की थेट घरी. या वर्षी आमची पोरं अशी खेळत होती की विचारू नका. पर्ड्यूविरुद्ध ६२–६०, तेही शेवटचा एक सेकंद उरला असताना टाकलेल्या बॉलवर. मग टेनेसीला सहज हरवलं. शनिवारी सॅन अँटोनिओला उपांत्य सामना ड्यूकशी. ड्यूक म्हणजे इथलं मातब्बर घराणं, पाच वेळचे विजेते. दुसऱ्या अर्धात आम्ही १४ गुणांनी मागे. शेवटच्या मिनिटातसुद्धा सहा गुणांनी मागे. तुमच्या सुनेनं टीव्हीसमोरची ताटं उचलायला घेतली होती. तेवढ्यात इमॅन्युएल शार्प नावाच्या आमच्या पोरानं लांबून तीन गुणांचा बॉल घातला, लगेच ड्यूकचा पास कापला गेला, टगलरनं उडी मारून बास्केट केलं, आणि बघता बघता ७०–६७ असा सामना आमच्या खिशात! शेजारचा अमेरिकन म्हातारा पायजम्यावर अंगणात येऊन ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. आमच्याकडे दहा-बारा मराठी घरं जमली होती. पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि प्रसाद हातात असतानाच सगळ्या पुरुषमंडळींनी सोमवारच्या सामन्याचा विषय काढला. बायका वैतागल्या. माझ्या मते रामानं रागावू नये, त्यालाही लढाईचा नाद होताच.

सोमवारी फ्लोरिडाशी अंतिम सामना. मध्यंतराला आम्ही ३१–२८ असे पुढे. त्यांचा सगळ्यात भारी खेळाडू वॉल्टर क्लेटन, त्याला पहिल्या अर्धात आमच्या पोरांनी एक गुण करू दिला नाही, भोपळा. पुढे तर आमची आघाडी १२ गुणांवर गेली. आबा, मी तेव्हा बोललो नाही काही, पण मनात पेढ्यांचा हिशेब सुरू झाला होता. मग हळूहळू ते जवळ आले. चिडून, धावून नाही, एकेक गुण खरडत. शेवटच्या मिनिटात ते एका गुणानं पुढे गेले, आमच्या हातून बॉल गेला, त्यांनी आणखी एक गुण केला. ६५–६३. १९ सेकंद उरलेले आणि बॉल आमच्याकडे.

पुढचं नीट वाचा, कारण आठवडाभर इथं सगळे त्यावरच बोलतायत. बॉल शार्पकडे आला, तोच शनिवारचा पोरगा. तीन गुणांच्या रेषेच्या बाहेर. त्यानं उडी मारली, हात वर गेले, आणि समोरून क्लेटन असा झेपावला की बॉल सोडला असता तर त्याच्या तळहातावरच गेला असता. शार्प हवेत. बॉल घेऊन खाली आला असता तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे टप्पा न देता बॉल घेऊन हलण्याची चूक, बॉल त्यांचा. म्हणून त्यानं हवेतच बॉल खाली सोडून दिला. आता नियम असा, की तूच सोडलास तर तू पहिला हात लावायचा नाहीस, तेही ट्रॅव्हलिंगच. दुसऱ्या कुणीतरी शिवायला पाहिजे. तर तो बॉल त्याच्या पायाशी टप्पे खातोय, घड्याळ पळतंय, आणि हा पोरगा हात आखडून, कमरेत वाकून, त्याच्याकडे बघत उभा. आमचं एकही पोरगं वेळेत पोचलं नाही. फ्लोरिडाचा कॉन्डन, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा साडेसहा फुटांच्या वरचा गडी, त्यानं अंग टाकलं आणि बॉल पोटाशी धरला. भोंगा वाजला. शेवटच्या खेपेला आम्ही बास्केटकडे बॉल फेकलासुद्धा नाही.

हरायला माझी ना नाही. फेकून चुकला असता तर मी मंगळवारी ऑफिसात नीट बसलो असतो.

आणि यात एक गोष्ट जास्त लागते. आमचे कोच केल्विन सॅम्पसन ६९ वर्षांचे आहेत, २०१४ पासून इथं. त्यांच्या सरावात बास्केटच्या कडीवर प्लास्टिकचं झाकण बसवतात, म्हणजे कुणाचाही बॉल आत जात नाही. प्रत्येक फेक उसळून बाहेर येते आणि त्या बॉलसाठी पोरांनी एकमेकांच्या अंगावर पडून झगडायचं. जमिनीवरच्या बॉलवर जो आधी अंग टाकतो तो त्यांचा लाडका. अकरा वर्षं हेच शिकवलं. आणि शेवटच्या दोन सेकंदांत जमिनीवरच्या बॉलवर अंग टाकलं ते समोरच्यांच्या पोरानं!

मंगळवारी संध्याकाळी तुमच्या नातवानं मला गॅरेजसमोर ओढत नेलं. त्याला एकच विचारायचं होतं, “बाबा, त्यानं उचलला का नाही?” मी सांगून त्याला पटेना. मग त्याच्या हातात बॉल दिला, मी समोर हात वर करून उभा राहिलो, म्हटलं मार उडी. पहिल्यांदा बॉल घेऊनच खाली आला. म्हटलं, संपलं, बॉल माझा. दुसऱ्यांदा माझ्या हातावर फेकला. तिसऱ्यांदा सोडून दिला आणि सवयीनं लगेच वाकून धरला. मी पुन्हा शिट्टी वाजवली. चौथ्यांदा त्यानं सोडला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला, बॉल उतारावरनं घरंगळत शेजाऱ्यांच्या गवतात गेला तरी. मग म्हणाला, “उडीच मारायला नको होती.” आठ वर्षांच्या पोराला जे कळलं तेच टीव्हीवर कोट घातलेले लोक तासन्‌तास सांगत होते. नुसती हुलकावणी देऊन आत घुसायचं होतं, बरोबरीला दोन गुण पुरेसे होते. कबूल. पण पाच हात अंतर दिसतंय म्हणून माणूस उडी मारतो आणि समोरचा अर्ध्या क्षणात ते अंतर खातो, यात क्लेटनचं काहीच नाही का? अख्ख्या रात्रीत त्यानं खेळलेला सगळ्यात चांगला डाव तो होता, आणि तो बॉल हातात नसताना खेळला. इथले काही लोक शार्पला जे बोलतायत ते मला सहन होत नाही. दोन दिवसांपूर्वी त्याच हातानं तो तीन गुणांचा बॉल घातला नसता तर आम्ही सोमवारी घरी वरण-भात खात बसलो असतो.

आमच्या ऑफिसात एक जण निवृत्तीला आलाय, तो १९८३ साली याच विद्यापीठात शिकत होता. तेव्हा या संघात हकीम ओलाजुवन आणि क्लाइड ड्रेक्सलर होते. ओलाजुवन नायजेरियातून आलेला, लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळणारा, फुटबॉलात गोलकीपर. (तुम्ही नेहमी म्हणता की गोलकीपरला डोकं लागतं, ते या माणसाकडे बघून पटतं.) सलग २६ सामने जिंकून ते अंतिम सामन्यात गेले होते आणि समोर नॉर्थ कॅरोलिना स्टेट, ज्यांना कुणी हिशेबात धरलं नव्हतं. ५२–५२ बरोबरी, शेवटचे क्षण. त्यांच्या खेळाडूनं लांबून जीव खाऊन बॉल फेकला, तो कडीपर्यंतसुद्धा पोचला नाही. पण खाली लोरेन्झो चार्ल्स उभा होता, त्यानं वरच्या वर झेलला आणि आत कोंबला. ५४–५२. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, जॉर्जटाउनकडून. मग थेट या वर्षी. म्हणजे ४२ वर्षांपूर्वी फेक आखूड पडली म्हणून हरलो आणि आता फेकलाच नाही म्हणून. दोन्ही वेळा दोनच गुणांनी. विद्यापीठाकडे अजून हे अजिंक्यपद एकदाही नाही.

बुधवारी तो माझ्या टेबलाशी आला. सांत्वन वगैरे नाही केलं. म्हणाला, चार्ल्सचा तो झेल अजूनही दर मार्चमध्ये टीव्हीवर दाखवतात आणि तो अजूनही चॅनेल बदलतो. आता यापुढे तुलाही रिमोट हाताशी ठेवावा लागेल. मग जेवायला घेऊन गेला, पैसे त्यानंच दिले.

मला सगळ्यात वाईट जेवॉन रॉबर्ट्सचं वाटतं. सहा वर्षं एकाच कॉलेजात राहिला. आजकाल इथं पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, पैसेही मिळतात, त्यात हा टिकून. ड्यूकविरुद्ध शेवटी आघाडी देणारे दोन फ्री थ्रो, म्हणजे समोरच्यानं फाउल केल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी, त्यानंच घातले होते. त्याचा आता खेळ संपला, पुन्हा या संघातून खेळता येणार नाही. शार्पला निदान अजून एक वर्ष आहे.

आबा, एक विचारायचं राहिलं. मी पाचवी-सहावीत असताना आपल्या तालमीनं फायनल पेनल्टीवर घालवली, तेव्हा तुम्ही घरी येऊन न जेवता गच्चीवर जाऊन बसला होता. आई म्हणाली होती, “काय म्हणावं या माणसाला, अकरा जणांच्या पायापायी उपास.” त्या रात्री तुम्ही वर काय करत होता? मी जिना चढून अर्ध्यातनं परत आलो होतो. नातवाला सांगण्यासारखं असेल तर रविवारी फोनवर त्यालाच सांगा, माझ्यापेक्षा तो जास्त रुसलाय. लाल टी-शर्ट घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवलाय आणि त्याला हात लावू देत नाही.

तुमचा व्हिसा आहेच. नवा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणून दिवाळी झाली की दोघं इकडे या. आमचं मैदान छोटं आहे, सात हजार शंभर माणसांचं, त्यामुळे कुठंही बसलं तरी पोरांच्या बुटांचा आवाज ऐकू येतो, तुम्हालासुद्धा येईल. आईला एवढा गोंगाट सोसायचा नाही, ती सुनेबरोबर घरी थांबेल. येताना भडंग आणि तांबड्या रश्शाचा मसाला आणा. आणि या मोसमात कोल्हापुरात फुटबॉलची लीग कुणी मारली ते ताईला लिहायला सांगा, इथं काहीच कळत नाही.

आपला,
बाळ