नाताळचं संगीत मुलांना ऐकवताना

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. यंदाच्या डिसेंबरात मुलांना नाताळच्या अभिजात संगीताची गोडी लावायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. 'चांगल्या रचनांची यादी पाठव' असं तू लिहिलं आहेस. यादी पाठवते, पण नुसत्या यादीने काम होणार नाही. संगीत लावलेलं असतं आणि मुलं आपली खेळत असतात, असंच बहुतेक घरांत चालतं. म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगते. दर वेळी मुलाच्या कानाला एक काम दे, आणि एकच दे. 'घंटा कधी वाजते ते पकड.' 'खालचा जाडा आवाज आला की हात खाली आण.' बस. 'ऐक हं, किती छान आहे!' म्हटलं की मूल आपल्या तोंडाकडे बघतं. काम दिलं की त्याचे कान टवकारतात.

नाताळचं संगीत या कामाला फार सोयीचं आहे. मेंढपाळांची सनई, लांबून येणारे देवदूत, बर्फावरच्या घोडागाडीचे घुंगरू, बाळाची अंगाई अशा ठरावीक गोष्टी सुरांतून उभ्या करायचं काम संगीतकारांनी पिढ्यानपिढ्या केलं. त्यामुळे मुलाला पकडायला जागोजागी काहीतरी सापडतं. शिवाय यातले कितीतरी तुकडे दोन-तीन मिनिटांत संपतात. लहान मुलासाठी एका बैठकीला तेवढंच पुरे.

सुरुवात चायकोव्स्की या रशियन संगीतकाराच्या 'द नटक्रॅकर' या बॅलेमधल्या (नृत्यनाट्यामधल्या) शुगर प्लम फेअरी या परीच्या नाचापासून कर. पण परीचं नाव आधी सांगू नकोस, गोष्ट सांगू नकोस आणि बॅलेचा व्हिडिओ तर मुळीच दाखवू नकोस. परी म्हटलं की मूल परी शोधत बसतं आणि आवाज बाजूला राहतो. पहिला अर्धा मिनिट लाव, थांबव आणि विचार, 'इथे कोण कोण बोलतंय?' वर काचेसारखं लखलखणारं एक वाद्य आहे, ती सेलेस्टा. तिचं वाक्य संपत आलं की खालून एक गुबगुबीत आवाज पायऱ्या उतरत येतो, तो बेस क्लॅरिनेट. ही नावं मुलांनी विचारल्यावर सांग. तोवर 'वरचा' आणि 'खालचा' एवढं पुरतं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांतला एक जण पालथा पडून ऐकत होता. खालचा आवाज आला की जमिनीवर ओढलेलं बोट तो आपल्याकडे सरकवायचा. पहिल्या एक-दोन वेळा बोट आवाजाच्या मागून निघालं. पुढे बघते तर आवाज यायच्या आधीच बोट उचलून तयार! त्याला आता ठाऊक होतं की हे वाक्य संपतंय आणि तो येणार. तुला सांगते, मला हवं असतं ते एवढंच. पुढे काय येणार याची वाट बघायला लागलं की मूल ऐकायला लागलं असं मी धरते. त्यासाठी एकच तुकडा आठवडाभर पुन्हापुन्हा लावावा लागतो. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना नाही येत.

गोष्ट सांगायची ती मागाहून, आणि परीची सांगण्याआधी सेलेस्टाची सांग. ओग्युस्त म्युस्तेलने पॅरिसमध्ये १८८६ साली या वाद्याचं पेटंट घेतलं. दिसायला लहानसा पियानो, पण आत तारा नसतात. हातोड्या पोलादाच्या पट्ट्यांवर पडतात. चायकोव्स्कीने ते १८९१ मध्ये पॅरिसमध्ये ऐकलं आणि तो वेडावला. त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की हे वाद्य मागव, पण कुणाला दाखवू नकोस, कारण रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या दुसऱ्या रशियन संगीतकारांना सुगावा लागला तर ते आपल्या आधी वापरतील. डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात बॅले रंगमंचावर आलं. गुपित राखण्याची ही हकिकत मुलांना परीपेक्षा जास्त आवडते, आणि ती ऐकल्यावर तो आवाज त्यांना आणखीच मौल्यवान वाटतो.

एक व्यवहाराची गोष्ट. फोनच्या स्पीकरवर हे ऐकवू नकोस. खालचे सूर त्यात जवळजवळ गळूनच जातात, आणि जो आवाज पकडायला सांगितला तोच ऐकू आला नाही तर मूल हिरमुसतं. साधा बरा स्पीकर पुरतो. आवाजही फार मोठा नको. थोडं पुढे झुकून ऐकावं लागेल इतकाच ठेव.

मुलं चार-पाच असतील तर माझ्या सगळ्यात आवडीचा खेळ बिझे या फ्रेंच संगीतकाराच्या 'फारांदोल' या नाचाच्या तुकड्याचा. 'लार्लेझिएन' या नाटकासाठी बिझेने १८७२ मध्ये संगीत दिलं. फारांदोल त्यातल्याच सुरावटींतून आला, आणि आज ऐकतो तो त्या संगीतातून निवडलेल्या तुकड्यांच्या दुसऱ्या संचातला, बिझेच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र गिरो याने जुळवलेला. त्यात दोन चाली आहेत. पहिली आहे राजांची कूच, बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांचं, फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातलं जुनं नाताळगीत. ठाम पावलं, भारदस्त चाल. दुसरी आहे नाचाची. खाली ढोलाचा हलका ठेका आणि वर भिरभिरणारी बासरी. मुलांचे दोन गट कर. एक गट राजांचा, दुसरा नाचणाऱ्यांचा. आपली चाल आली की उठायचं आणि जागच्या जागी पावलं टाकायची, गेली की खाली बसायचं. दोन्ही चाली आधी वेगवेगळ्या ऐकवून ओळखीच्या करून घे, नाहीतर गोंधळ होतो.

मग आलटून पालटून राजे उठतात, नाचणारे उठतात. शेवटाकडे बिझे दोन्ही चाली एकदम वाजवतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघ. दोन्ही गट एकाच वेळी उभे, आणि 'आता आमची आहे!' 'नाही, आमची!' हा वाद दोन्हीकडून खरा असतो. आपल्या संगीतात एका वेळी एकच चाल पुढे नेतात, त्यामुळे दोन चाली एकमेकींवर अशा बसवता येतात हे ऐकून मुलांना फार नवल वाटतं. शब्दांनी समजावून हे कधीच पोचलं नसतं. पायांनी ते लगेच कळतं.

याच जातीचं पण शांत काम कोरेल्ली या इटालियन संगीतकाराच्या नाताळ कॉन्चेर्तोत (वाद्यवृंदासाठीच्या रचनेत) आहे. ध्वनिमुद्रण शोधताना त्याचा क्रमांक ऑपस ६ मधला आठवा. त्यावर 'नाताळच्या रात्रीसाठी केलेला' असं इटालियनमध्ये लिहिलेलं आहे. तो छापून आला १७१४ मध्ये, कोरेल्ली वारल्यानंतर. फक्त शेवटचा भाग, पास्तोराले म्हणजे मेंढपाळांचं संगीत, लाव. इटलीत नाताळच्या दिवसांत डोंगरातले मेंढपाळ रोमला उतरून सनई आणि मशकवाद्य (बॅगपाइप) वाजवत. त्या मशकातून निघणारा एकसारखा सूर कोरेल्लीने व्हायोलिन-चेलोंत आणला. तानपुऱ्याचा षड्ज जसा सगळ्याच्या तळाशी राहतो तसाच हा. एका मुलाला तो सूर ओठ मिटून धरायला सांग, दम संपला की दुसऱ्याने उचलायचा. बाकीच्यांनी तीन-तीन मात्रांच्या झोक्यांवर डुलायचं. पुढे कधीतरी हँडेलच्या 'मसाया' या ऑरेटोरिओमधली (गायक आणि वाद्यवृंदाच्या मोठ्या धार्मिक रचनेमधली) 'पिफा', म्हणजे नुसत्या वाद्यांचा एक तुकडा, लाव आणि काहीही न सांगता गप्प बैस. 'अगं, हे तर तेच मेंढपाळ!' असं कुणीतरी ओरडेल. हँडेल तरुणपणी रोममध्ये होता, कोरेल्लीने त्याच्या रचनेच्या प्रयोगात वाद्यवृंदाचं नेतृत्वही केलं होतं, म्हणजे मुलांचं ओळखणं अगदी बरोबर आहे.

'मसाया' मात्र अख्खी लावू नकोस. दोन-अडीच तासांची रचना मुलांच्या गळी उतरवायला गेलं की ती कायमची दुरावतात. पिफानंतर थोड्याच वेळात देवदूतांचा कोरस येतो, तेवढा घे. संपूर्ण रचनेत ट्रम्पेट पहिल्यांदा तिथे वाजतात, आणि हँडेलने त्यांना 'लांबून, जरा हळू' अशी सूचना लिहून ठेवली आहे. मुलांना डोळे मिटायला सांग आणि ट्रम्पेट कुठून येतात तिकडे बोट दाखवायला सांग. 'हालेलुया' सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, जन्माच्या कथेशी त्याचा संबंध नाही. मसायाचा पहिला प्रयोगही डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ रोजी झाला, नाताळात नव्हे.

बाखच्या 'ख्रिसमस ऑरेटोरिओ'तून दोनच जागा सुचवते. पहिली म्हणजे सुरुवात. पडदा उघडतो तो एकट्या टिम्पनीवर, म्हणजे वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांवर, मग बासऱ्या उत्तर देतात आणि हळूहळू सगळा वाद्यवृंद जमा होतो. मुलांनी मांडीवर टिम्पनी वाजवायची आणि उत्तर कुणी दिलं ते सांगायचं. इतका थोर कोरस ढोलाने का सुरू होतो, याचंही कारण आहे. हेच संगीत बाखने १७३३ मध्ये एका राणीच्या वाढदिवसासाठी केलं होतं, आणि तेव्हाचे शब्दच होते 'वाजा, नगाऱ्यांनो! घुमा, तुताऱ्यांनो!' पुढच्या वर्षी, १७३४ च्या नाताळात, लाइपझिगच्या चर्चमध्ये शब्द बदलले, नगारे तसेच राहिले. दुसरी जागा चौथ्या भागातली प्रतिध्वनीची आरिया, म्हणजे एकल गाणं. गाणारी बाई विचारते आणि दुसरा आवाज दुरून 'नाही' किंवा 'हो' म्हणतो, सनईसारखा ओबोसुद्धा तसाच दुमदुमतो. एका मुलाला दाराआड उभं करून प्रतिध्वनी व्हायला सांग. आळीपाळीने सगळ्यांना दाराआड जायचं असतं.

लेओन्तोविचचं 'श्चेद्रिक' ऐकव, १९१६ मधलं युक्रेनी गाणं. 'कॅरल ऑफ द बेल्स' म्हणून जगभर गातात ते हेच. घंटांचे इंग्रजी शब्द १९३६ मध्ये त्यावर चढले. मूळ गाण्यात एक पाकोळी घराशी येऊन नव्या वर्षाची सुवार्ता सांगते. चार सुरांचा एक तुकडा, त्यातही वेगळे सूर तीनच, पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतो. काम असं द्यायचं: चार बोटांवर चार सूर मोजत राहा, आणि बाकीच्या आवाजांत तो तुकडा हरवला की हात वर कर. मोठ्या मुलांनाही हे वाटतं तितकं सोपं जात नाही.

घुंगरांसाठी मोझार्टचा १७९१ मधला जर्मन नाच घे, मोझार्टच्या रचनांच्या कोखेल यादीतल्या ६०५ क्रमांकाचा तिसरा. त्यात सुरांत लावलेले घुंगरू आहेत. लिरॉय अँडरसनच्या 'स्ले राइड'मध्ये चाबूक, टापा आणि अगदी शेवटी घोड्याचं खिंकाळणं आहे. ते खिंकाळणं कुठल्या वाद्याचं, हे कोडं घालून ठेव आणि उत्तर दोन दिवस देऊ नकोस. (ट्रम्पेट.)

'सायलेंट नाइट'बद्दल तू खास विचारलं आहेस. ऑस्ट्रियातल्या ओबरन्डॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोरचे, चाल फ्रान्झ ग्रुबरची, साथीला फक्त गिटार. उंदरांनी चर्चचा ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घेतली, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. तिला आधार नाही, तेव्हा मुलांना ती खरी म्हणून सांगू नकोस. आधी मोठ्या कोरसचं एखादं ध्वनिमुद्रण लाव, मग दोन आवाज आणि गिटार असलेलं. 'बाळ कुठल्या गाण्याला झोपेल?' एवढं विचार. मुलं वाद घालतील, घालू दे. त्या वादात लय, आवाजाचा आकार, श्वास हे सगळं त्यांच्याच शब्दांत बाहेर येतं.

ऐकून झाल्यावर 'आवडलं का?' हा प्रश्न टाळ. त्याला 'हो' किंवा 'नाही' याखेरीज उत्तर नसतं. 'तुला काय ऐकू आलं?' असं विचार आणि उत्तर चुकीचं वाटलं तरी लगेच दुरुस्त करू नकोस, तो तुकडा पुन्हा लाव. परीक्षा घेतल्यासारखं तर अजिबात होऊ देऊ नकोस. जो हलतोय त्याला हलू दे, ज्याला कागदावर रेघा ओढायच्या त्याला ओढू दे. आणि संगीत चालू असताना तू स्वतः बोलू नकोस, फोनही बघू नकोस. मोठं माणूस मनापासून ऐकतंय हे मुलांना दिसायला हवं.

धार्मिक शब्दांचं काय करू, असं तू विचारलं आहेस. मी सरळ सांगते: एक बाळ जन्माला आलं, ज्यांना ते देवाचं वाटतं त्यांनी त्याच्यासाठी ही गाणी रचली. मुलं हे सहज मान्य करतात.

तुझ्या थोरलीसाठी एक शेवटचं. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं 'अ सेरिमनी ऑफ कॅरल्स', १९४२ मध्ये अमेरिकेहून इंग्लंडला येताना जहाजावर लिहायला घेतलेलं. मुलांचे आवाज आणि हार्प. त्यातलं 'दिस लिटल बेब' लाव. आधी सगळे एकत्र गातात, मग एकामागोमाग एकमेकांचा पाठलाग सुरू होतो. किती जण पळताहेत ते तिला मोजू दे. गाणारे आपल्याएवढेच आहेत हे कळलं की तिचा नूर बदलेल बघ. तिने किती मोजले ते मला नक्की कळव. दोघींचे आकडे जुळतात का ते बघू.

मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मैत्रीण